मनवणीची सनई

फुकणी मास्तर कोणत्याही जुन्या वाद्याला आधी नाक लावत, मग कान, आणि तोंड सगळ्यांत शेवटी. कोणाच्या माळ्यावर पडलेली सनई हाती आली की पहिल्यांदा ती हुंगत. धुराचा वास आला की त्यांचा चेहरा खुलायचा. "चुलीवर टांगलेली होती. म्हणून किडली नाही." मग कानाशी धरून नखानं टिचकी मारत आणि लाकडाला भेग कुठे आहे ते ऐकत. त्यानंतर आतून जवसाचं तेल फिरवायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि रोज चार फुंकरी घालायच्या. पाचवी नाही. असे पंधरा दिवस. "वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड आहे, शेठ. एकदम सगळा श्वास दिला तर फाटतं. उपाशी माणसाला कोणी एकदम पंगतीला बसवतं का?"

मी पितळेचा व्यापारी. माझ्याकडे जुनी वस्तू आली की ती पहिल्यांदा काट्यावर चढते. पंधरा दिवस हुंगत बसलो असतो तर आज भंडाऱ्याच्या बाजारात माझ्या दुकानाला तीन शटरं नसती. त्यामुळे या माणसाची ही चाल पाहिली की माझं रक्त तापायचं. आणि आधीच सांगून टाकतो, मी हे त्यांचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करणारे त्यांना पुष्कळ भेटले. मी त्यांच्यावर जळलो. चांगली चौदा-पंधरा वर्षं जळलो, आणि ते गेल्यावरही ती आग विझलेली नाही. पण ज्याच्यावर इतकी वर्षं जळलो त्याला माझ्याइतकं कोणी निरखून पाहिलेलं नाही, हेही खरं.

ते मूळचे सातारा बाजूचे. बदली होऊन आमच्याकडे सिहोऱ्याच्या शाळेत आले. लोकांना वाटलं, वर्षभरात वशिला लावून परत जातील. पण हे गृहस्थ रमले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंची लोखंडी फुकणी एकदा त्यांनी हातात घेतली, एका टोकाला तळहात लावून उघडझाप करत तिच्यातून पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्यांची चाल काढून दाखवली. मुलं वेडी झाली. त्या दिवसापासून ते फुकणी मास्तर. मुख्याध्यापकांनी पोरांना दम दिला, तर हेच म्हणाले, "राहू द्या हो. खडू मास्तर म्हणण्यापेक्षा बरं आहे. फुकणी निदान घराघरात असते." मलासुद्धा लोकांनी नाव ठेवलंय, 'काटामार'. ते मी कधी असं हसून घेतलं नाही. दोघांची डोकी फोडली.

सुट्टी लागली की त्यांची मोटारसायकल निघायची. तुमसर, बपेरा, नदीपलीकडे बालाघाटाकडची गावं. कुठे जुना सनईवाला आहे, कुठे शिंग फुंकणारा म्हातारा आहे, कोणाच्या पेटीत चालींचं बाड आहे, हे शोधत फिरायचे. बाड म्हणजे हाताने लिहिलेली जुनी वही. ती सापडली की तिच्यापुढे मांडी घालून बसायचे आणि आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. मूळ वही कधी मागायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता, तो ते शाळेत पाढा म्हणावा तसा म्हणायचे. "लिहिलंय ते वाजवायचं. लिहिलं नाही ते विचारायचं. विचारायला कोणी उरलं नसेल, तर गप्प बसायचं." अशा वेळी कार्यक्रमात ते खरोखर गप्प बसत. मध्येच सनई खाली ठेवून म्हणत, "इथल्या दोन ओळी वाळवीनं खाल्ल्यात. मला येत नाहीत," आणि तेवढा वेळ थांबून पुढचं वाजवत. लोक आपले टाळी वाजवायची की नाही म्हणून एकमेकांकडे बघत बसत.

एका पडक्या देवळाच्या खांबावर त्यांना सनई वाजवणारा माणूस कोरलेला दिसला. त्याचा डावा हात वर होता आणि उजवा खाली, म्हणजे आपले लोक धरतात त्याच्या उलट. यांनी दोऱ्यानं त्या मूर्तीची बोटं मोजली, भोकांमधलं अंतर मोजलं आणि महिनाभर उलट्या हातानं वाजवायचा हट्ट धरला. मी म्हटलं, "अवो मास्तर, पाथरवट चुकला असंल." तर म्हणाले, "दगडात चुकायला फार मेहनत लागते, शेठ." महिन्यानं त्यांना कळलं की तसं धरलं की एक जुनी चाल, जिच्यात बोटं अडकायची, ती सरळ पाण्यासारखी जाते. हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू खांबावरच्या त्या माणसानं यांना घरी जेवायला बोलावलं होतं.

पेटीवाल्यांशी त्यांचं जमत नसे. भंडाऱ्यात एका कार्यक्रमात पेटीवाला म्हणाला, "तुमची सनई सुरात नाही. भोकांत थोडं मेण भरा." मास्तर शांतपणे म्हणाले, "ही सनई तुमच्या पेटीच्या आधीपासून आहे. वडीलधाऱ्यांना कोणी असं सांगतं का?" आणि पेटी बंद करायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी वाजवल्या नाहीत. कारण ती सनई माझ्या बापाची होती.

आता ते सांगतो. आमचं गाव सिहोऱ्यापासून दोन कोसांवर. बाबांची तीन एकर धानाची शेती आणि घरात पिढ्यांपासून चालत आलेली एक सनई. लगीनसराईत बाबा सनई वाजवायचे आणि त्यांचा दोस्त डफडं. मांडवाची चाल वेगळी, हळदीची वेगळी, नवरदेव वेशीवर आला की वेगळी, पोरगी सासरी निघाली की वेगळी. त्या सगळ्या चाली माझ्या पणज्यानं एका बाडात मांडून ठेवल्या होत्या. अक्षरं थोडीच. भरीव गोल म्हणजे बोट दाबलेलं, पोकळ गोल म्हणजे उचललेलं, आडवी रेघ म्हणजे श्वास. मला त्यातलं काही शिकायचं नव्हतं. सोळाव्या वर्षी मी सायकलला दोन पोती बांधून गावोगाव "मोड, पितळ, तांबं" ओरडत निघालो, ते भंडाऱ्यात दुकान थाटूनच थांबलो. कोणाचा रुपया घेतला नाही, कोणाची शिफारस घेतली नाही. बाबांना मी दर दिवाळीला धोतरजोडी नेत असे. ते ती कपाळाला लावत आणि पेटीत ठेवत.

एका दिवाळीला मी घरी गेलो, तेव्हा सनई चुलीच्या वरच्या खुंटीला टांगलेली होती. मी ती सहज काढली. खालच्या टोकाचा पसरट पितळी पेला सुटा होता. आणि खिशात माझा हातकाटा होता, तो नेहमीच असतो. हात कसा गेला मला कळलं नाही. मी पेला काट्याला अडकवला आणि वजन बघितलं. एवढंच. विकायचा विचार माझ्या मनात नव्हता, हे मी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. सराफ आपल्या पोरीच्या गळ्यातलंही मनात तोलतोच. वर बघितलं तर बाबा दारात उभे.

"चाय घे, बाबू," म्हणाले.

पुढच्या दिवाळीला खुंटी रिकामी होती.

"सनई कुठं हाय?" मी विचारलं.

"मास्तराले देल्ली. बाड बी देल्लं."

"कोणता मास्तर? अन् मले न विचारता?"

"तुले काय विचारू गा? तू तं तिचं वजनच करतं. तो तिले वाजवते."

मी ताडकन उठलो. धोतरजोडी तिथेच पडली. अंगणात येऊन मी काय काय बोललो ते गावानं ऐकलं. बाबा आतून एवढंच म्हणाले, "वरडू नोको. ढोरं बिचकतेत."

त्या वर्षी कळलं की मास्तर दोन वर्षांपासून दर रविवारी बाबांकडे यायचे. त्यांच्यासोबत बांधावर बसायचे, निंदणही करू लागायचे. बाबा त्यांना एकेक पान वाचून दाखवायचे, वाजवून दाखवायचे, त्यांचं चुकलं की बोटांवर काडी मारायचे. मला बाबांनी जन्मात काडी मारली नव्हती. तुम्ही म्हणाल, मार खाल्ला नाही याचं कोणाला वाईट वाटतं? मला वाटलं. मला त्या काडीचा हेवा वाटला.

बाबा गेले तेव्हा मास्तर आले. दहाव्याला घाटावर मी मुंडण करून बसलो होतो आणि ते थोडे दूर, सनई फडक्यात धरून. वाजवली नाही. बाडात त्या प्रसंगाचं पान नव्हतं, म्हणून. लोक म्हणाले, "पाहा, कसा शिष्य भेटला." मुलगा कसा भेटला, हे कोणी म्हणालं नाही.

मग सुरू झाला आमचा सौदा. महिन्यातून एका शनिवारी ते भंडाऱ्याला दुकानात यायचे, बाकावर बसायचे आणि चहा येईपर्यंत विषय काढायचे नाहीत. त्यांना माझ्याकडून एक वस्तू हवी होती. बाडातलं एक पान अर्धंच होतं. वर लिहिलं होतं 'मनवणी', खाली नुसत्या श्वासाच्या रेघा. एकही गोल नाही.

मनवणी काय ते आमच्याकडच्या जुन्या लोकांना सांगायला नको. लग्नात कोणी ना कोणी रुसतंच. मामाला मानाचं पागोटं कमी पडतं, जावयाला पाट उशिरा मिळतो. तो उठून गावाबाहेर जाऊन बसतो आणि त्याच्यावाचून पंगत अडते. मग सनईवाला एकटा त्याच्याकडे जातो आणि ही चाल वाजवतो. बोलायचं नाही, हात धरायचा नाही. तीन वेळा वाजवायची, आणि बरोबर वाजली तर रुसलेल्यानं उठायचं, असा नियम. तो उठला की सनईवाल्यानं वाजवत-वाजवत उलटं चालायचं, मांडवापर्यंत. रुसलेल्याला पाठ दाखवायची नाही. आणि या चालीची दुसरी अट अशी, की कोणी खरोखर रुसलेलं असल्याशिवाय ती वाजवायची नाही आणि तिची बोटं लिहायची नाहीत. "लिहिली तं कोणी बी उगाच वाजवल," बाबा म्हणायचे, "मंग रुसण्याले किंमत नाई राहणार."

त्यामुळे बाबांनी ती मास्तरांना कधी वाजवून दाखवली नाही. डफडंवाले दोस्त गेले होते. ऐकून लक्षात ठेवलेला जिवंत माणूस मी एकटा. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मामा रुसून तलावाच्या पाळीवर जाऊन बसला होता. मी नऊ वर्षांचा, बाबांच्या मागोमाग गेलो होतो. ती चाल माझ्या डोक्यात तेव्हा बसली ती अजून आहे.

"बाबांनी सांगितलं होतं," मास्तर म्हणायचे, "'माह्या पोराले मालूम हाय. त्याले विचारा. पण देईल तं.'"

"नाई देत," मी म्हणायचो. "सनई वापस द्या, चाल घेऊन जा. रोकडा सौदा."

"सनई माझी नाही, शेठ. मी कशी देऊ?"

"मंग कोनाची हाय?"

"बाबांची."

"बाबा तं गेले."

"म्हणूनच तर अवघड झालंय."

मी त्यांना सगळं देऊ केलं. पैसे. बनारसहून नवी सनई. शाळेला पाण्याची टाकी. आयुष्यभर मी अशा माणसांशी सौदे केले जे भाव पाडून मागतात किंवा चढवून सांगतात, पण ज्यानं भावच सांगितला नाही त्याच्याशी सौदा कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "शेठ, मला वाटतं वाटणी बाबांनीच करून ठेवली. सनई माझ्याकडे, चाल तुमच्याकडे."

"कायची वाटणी? मले कोणी विचारलं होतं का? अन् ते चाल काही फुकटात गुणगुणायची नसते. इथं कोणी रुसून बसलेलं नाई."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "नाही?" एवढंच म्हणाले.

मी त्यांना दुकानातून घालवून दिलं. खरोखर. बाजार बघत होता. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी ते पुन्हा बाकावर.

माझ्या मुलीचं, स्वातीचं लग्न कारध्याला नदीकाठच्या लॉनवर झालं. सकाळचा मुहूर्त, मे महिन्याचं ऊन. मी खर्चात कसर केली नव्हती. डीजे होता, दोन प्रकारचा मठ्ठा होता. आणि मांडवात शिरतो तो मला सनई ऐकू आली. स्वातीनं मला न सांगता मास्तरांना बोलावलं होतं. कोपऱ्यात एक छोटं व्यासपीठ करून त्यांना बसवलं होतं. तिथपर्यंत मी दात आवळून सोसलं. पण मग व्याही माइकवर गेले. माझे व्याही सज्जन माणूस, त्यांचा काही दोष नाही. ते म्हणाले, "नवरीच्या आजोबांची कला ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांचा मान पहिला," आणि शाल मास्तरांच्या खांद्यावर. वाकून नमस्कारही केला.

माझा मांडव. माझी मुलगी. माझा बाप. आणि शाल त्याला!

मी फेटा काढून खुर्चीवर आपटला आणि निघालो. बायको मागून ओरडत होती, "आवो, मुहूर्ताले अर्धा घंटा हाय!" मी वळलो नाही. लॉनच्या मागून उतरून नदीच्या वाळूत गेलो. तिथे एक ढिवर उलट्या नावेच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. मी त्याच्या बाजूला बसलो.

"काहून शेठ," तो म्हणाला, "तिकडे लगन लागून राहिलं अन् तुमी इथं?"

"तुले काय करायचं हाय?"

"मले काय नाई जी. ऊन हाय, डोकं तापते म्हणून म्हटलं. पण तुमचं तं आंधीच तापलेलं दिसते."

थोड्या वेळानं वाळूत पावलं वाजली. मास्तर. एकटेच. शाल नव्हती अंगावर. नंतर मला कळलं की व्याही चार माणसं घेऊन मला आणायला निघाले होते आणि मास्तरांनी त्यांना अडवलं होतं. ते माझ्यापासून दहा पावलांवर थांबले. बोलले नाहीत. सनईची पत्ती ओठांत ओली केली आणि वाजवायला लागले.

रेघा बरोबर होत्या. श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेत होते. पण बोटं सगळी अंदाजानं. जो माणूस वाळवीनं खाल्लेल्या दोन ओळींसाठी भर कार्यक्रमात गप्प बसायचा, तो इथे न लिहिलेलं, न ऐकलेलं, न विचारलेलं वाजवत होता. आणि चुकत होता. किती चुकत होता! वर जायचं तिथे खाली येत होता. मामाला बोलावण्याऐवजी बैल हाकतोय असं वाटत होतं. त्यांनी पहिली खेप संपवली. दुसरी सुरू केली. पुन्हा तेच, तिथेच.

मला ते सहन झालं नाही. राग आला होता तो कुठल्या कुठे राहिला, दुसराच आला. "असं नाई!" मी ओरडलो. "अवो असं नाई! आंधी खालून येते, मंग थांबते, मंग जसा कोणी हात पुढं करून मांगं घेतला तशी!" आणि मी गुणगुणून दाखवलं. पहिल्यांदा आवाज फाटला. मग जमलं. वाळूत बसून, उघड्या डोक्यानं, पन्नाशीचा माणूस. जाळं शिवणारा हात थांबवून ऐकत होता. मास्तरांनी डोळे मिटले होते.

आजही मला संशय आहे की ते मुद्दाम चुकले. मी बाजारातला माणूस आहे. भाव चुकीचा सांगून समोरच्याच्या तोंडून खरा भाव काढायचा, ही युक्ती मीच शेकडो वेळा केली आहे. पुढे एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "शेठ, चुकण्यासाठी मला मुद्दाम काही करावं लागत नाही." यातून काय समजायचं ते समजा.

तिसरी खेप त्यांनी वाजवली. ती कशी वाजली हे मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही, इथे लिहितो. बाबांपेक्षा चांगली वाजली. बाबांच्या मनवणीत थोडी घाई असायची. पंगत खोळंबलीय, चल बाबा, असं. मास्तरांच्या मनवणीत घाई नव्हती. तू बस, मी आहे इथे, असं होतं तिच्यात. माझ्या बापाची चाल, माझ्या तोंडची, आणि ती त्याच्या श्वासात जाऊन माझ्या बापापेक्षा मोठी झाली. एखाद्यावर जळायला याहून जास्त काय लागतं?

पण नियम म्हणजे नियम. बरोबर वाजली होती. मी उठलो.

मास्तर उलटे चालायला लागले. साठीला आलेले पाय, तापलेली वाळू, मागे चढ. डोळे माझ्यावर आणि सनई तोंडात. मी त्यांच्या मागचा रस्ता बघत चाललो. "डाव्या बाजूनं. मांगं गोटा हाय... आता पायरी... अजून एक." ते माझ्या सांगण्यावर पाऊल टाकत होते, एकदाही मागे न बघता. मांडवाच्या तोंडाशी लोक गोळा झाले होते. डीजेवाला काय चाललंय ते न कळून तोंड उघडं टाकून उभा होता. स्वाती मुंडावळ्या धरून धावत आली आणि माझ्याऐवजी आधी त्यांच्याच पाया पडली. मी पुन्हा रुसलो असतो, पण मुहूर्त निघून जात होता.

पुढच्या शनिवारी ते बाकावर येऊन बसले. सोबत बाड होतं. ते उघडून त्यांनी 'मनवणी'चं पान माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, आता सगळे गोल भरून आणले असतील. बाड पुरं करण्यासाठी हा माणूस सात-आठ वर्षं माझ्या दाराशी येत होता. पान तसंच होतं. नुसत्या रेघा.

"लिहिलं नाई?"

"नाही."

"काहून?"

"बाबांनी नको म्हटलंय ना," ते म्हणाले, आणि चहाची वाट बघत बसले.

माझा बाप मला जेवढा कळला नाही तेवढा यांना कळला होता. हे बघून मी त्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून पोऱ्यावर उगाच खेकसलो.

निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले. जाण्याआधी सिहोऱ्यात मोठा समारंभ झाला. मी गेलो, पहिल्या रांगेत बसलो. मला वाटलं होतं, आता तरी सनई माझ्याकडे येईल. इतक्या वर्षांनंतर, नदीवरच्या त्या दिवसानंतर, दुसऱ्या कोणाकडे जाणार? त्यांनी भाषणाच्या शेवटी सनई उचलली आणि वंदना सिस्टरच्या हातात दिली. ही आरोग्य केंद्रातली नर्स, चाळिशीची, दोन लेकरांची आई. चार वर्षं त्यांच्याकडे शिकत होती. मी समारंभ संपायच्या आत निघालो. ते गाडीपर्यंत धावत आले.

"शेठ, रागावलात?"

"मी कोन रागावनारा?"

"तुम्ही वाजवणार नाही. ती वाजवेल."

"अन् मी काय करू?"

"तुम्ही ऐका. चुकलेलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही."

मी गाडी सुरू केली. त्यांना नीट निरोपही दिला नाही. ते हात जोडून रस्त्याच्या कडेला उभे होते, आरशात दिसत होते. तीच शेवटची भेट. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणे. मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. दोन महिने मी कोणाशी धड बोललो नाही. गिऱ्हाईक आलं तर घासाघीसही करेना. बायको म्हणाली, "आता मेलेल्या माणसावर रुसले का तुमी?"

हो. रुसलो होतो. सनई दिली नाही म्हणून, बापाची काडी खाल्ली म्हणून, चांगली वाजवली म्हणून, आणि सांगून गेले नाहीत म्हणून.

मग एका रविवारी मी सिहोऱ्याला गेलो. वंदना सिस्टर दवाखान्यातून नुकत्या आल्या होत्या. मला बघून घाबरल्या. त्यांना वाटलं, मी सनई मागायला आलो.

"सनई घ्या अन् चाला," मी म्हटलं.

"कुठं जी?"

"आमच्या गावी. तलावाच्या पाळीवर."

पाळीवर जाऊन मी बसलो. त्यांना दहा पावलांवर उभं केलं. "बाडातलं मनवणीचं पान पाठ हाय ना? रेघा? तेवढ्यावर वाजवा. बाकी बोटं तुमची."

"पण मास्तर म्हणत, कोणी खरं रुसलेलं पाहिजे, तवाच वाजवायची. उगाच कशी वाजवू?"

"उगाच नाई," मी म्हटलं. "मी रुसलो हावो. खरंच. वाजवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला, पत्ती ओली केली आणि सनई ओठांना लावली. पहिल्याच श्वासाला वर जायचं तिथे खाली आल्या. मी उठलो नाही.